मडगार्डची आतली बाजू

पांढऱ्या रंगाखालून हिरवा रंग निघाला तेव्हा मिस्त्रींनी ग्राइंडर बंद केला.

मग त्यांनी नुसत्या पॉलिश पेपरने हलक्या हाताने घासायला घेतलं. जुन्या स्पोर्ट्स कारचं फायबरचं डावं मडगार्ड होतं. टोकाशी बोटांना किंचित चढ लागला. आणखी घासल्यावर हिरव्याच्या मधोमध पंज्याएवढं राखाडी ठिगळ उघडं पडलं. पत्र्याला पोचा आला तर तो ठोकून काढता येतो. फायबर मात्र फुटतं, त्याचा तुकडा उडतो आणि तिथे रेझिनचा नवा थर चढवावा लागतो.

मिस्त्री कपाटाशी गेले. स्क्रूच्या डब्यात, कापसात गुंडाळून ठेवलेला नखाएवढा हिरवा तुकडा त्यांनी काढला. बायकोच्या स्वेटरच्या लोकरीत तो अडकून राहिला होता. रस्त्याच्या कडेने चालत असताना तिला उडवून जी गाडी पसार झाली, तिचा एवढाच मागमूस. पोलिसांनी तो उलटसुलट करून बघितला आणि परत दिला.

तुकडा त्यांनी हिरव्या रंगावर ठेवला. रंगाला रंग मिळाला.

तीन वर्षं ते फायबरच्या प्रत्येक गाडीचं काम घेत आले होते, ते याचसाठी. रुंद मडगार्ड करा, बॉनेटला नवा आकार द्या, गिऱ्हाईक म्हणेल ते. घासायला मिळाल्याशी मतलब. आणि माणूस सापडला तर पोलिसांकडे जायचं नाही, हे त्यांनी केव्हाच मनाशी पक्कं केलं होतं.

हे फक्त मेहुण्याला ठाऊक होतं. बायकोचा हा धाकटा भाऊ आधी गावाच्या दुसऱ्या टोकाला एका मोठ्या गॅरेजात होता. गिऱ्हाइकांच्या गाड्या वाऱ्यासारख्या पळवायचा. ताई गेली आणि त्याच आठवड्यात नोकरीवर लाथ मारून तो दाजींकडे राहायला आला. तेव्हापासून त्याने स्टिअरिंगला हात लावला नव्हता. गाडी आत घ्यायची तरी ढकलत न्यायचा. दाजींचा स्वयंपाक, औषधं, कपडे सगळं तोच बघायचा. पोटच्या पोराने केलं नसतं, असं शेजारीपाजारी म्हणत, आणि मिस्त्रींनाही ते पटत असे.

एकच खोड होती. हातमोजे घालायचा नाही. ओल्या रेझिनवर उघडा पंजा फिरवून थर बसवायचा. उजव्या हाताचं मधलं बोट ग्राइंडरने अर्धं नेलं होतं, तरी अक्कल आली नव्हती. "उरलेली तरी सांभाळ रे, माझ्या राजा," ताई ओरडायची, आणि तो दात काढायचा.

आलेली प्रत्येक गाडी तोही तपासायचा. "ही नाही, दाजी," म्हणायचा. या गाडीलाही तो तेच म्हणाला होता. शिवाय कुरकुरला होता, "हे काम नको घेऊया. महिनाभर नुसती धूळ खायची."

"मग आजवर काय लाडू खात होतास?" म्हणून मिस्त्रींनी त्याला गप्प केलं होतं.

आता तो डबा आणायला घरी गेला होता. बरंच झालं. त्या पोराला यात गोवायला नको.

मिस्त्रींनी गाडीच्या मालकाला फोन केला. मालक दातांचे डॉक्टर होते. गाडीचा विषय निघाला की पेशंटला आ वासलेला ठेवून ते तासभर बोलले असते. तडक आले.

"काय हो मिस्त्री, काही मोडलंत की काय?"

"रंग कधी बदललात?"

"झाली तीन वर्षं. हिरव्याचा कंटाळा आला."

"कुठे बदललात?"

"होतं एक गॅरेज. बंदही पडलं असेल आता. तेवढी एकदाच बाहेर दिली हो. एरवी या गाडीला मी कोणाला हात लावू देत नाही."

किती सहज बोलतो हा माणूस! मिस्त्रींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कंटाळा म्हणे.

"एक दाखवायचंय," ते म्हणाले. "आतल्या बाजूला."

चाक त्यांनी आधीच काढून ठेवलं होतं. थिनरमध्ये भिजवलेलं फडकं त्यांनी डॉक्टरांच्या हातात दिलं. डॉक्टर गुडघ्यांवर बसले आणि मडगार्डच्या पोकळीत डोकं घातलं. मानेची पांढरी कातडी कॉलरच्या वर दिसत होती. मिस्त्रींनी मोठा पान्हा उचलला.

"सगळा काळा रंग आहे इथे."

"पुसा. काय झाकलंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा."

"मी कशाला काय झाकू?" डॉक्टर हसले आणि पुसायला लागले. फडकं काळंकुट्ट झालं. "अरेच्चा! हे ठिगळ कधीचं? मला कोणी बोललंच नाही."

मिस्त्रींनी पान्हा खांद्यापर्यंत नेला.

"आणि काम तरी कसलं गबाळं! बोटं फिरवलेली दिसतायत. उजेड आणा जरा."

मिस्त्रींनी डाव्या हाताने दिवा पुढे केला. मागे दार वाजलं.

"दाजी, आधी जेवून घ्या बघू," मेहुणा म्हणाला. "गार होतंय."

गोठलेल्या रेझिनमध्ये तीन बोटांच्या लांब रेषा उमटल्या होत्या. मधल्या बोटाची जागा कोरी होती.