ग्रंथावरचा मुक्काम

"निसर्गापुढे माणूस म्हणजे पाचोळा!" रोमँटिक कवितेवरच्या ग्रंथाचं हे अखेरचं वाक्य लिहून प्राध्यापकांनी बारा वर्षांनी पेन खाली ठेवलं आणि खिडकी उघडी टाकून ते बायकोसह आठवडाभर लेकीकडे गेले. परतले, तर हस्तलिखितावर कबूतर ऐसपैस बसलेलं. पोटाखाली दोन अंडी.

"हाकला की त्याला! प्रकाशक दारात उभे आहेत," बायको म्हणाली.

प्राध्यापकांनी हात पुढे केला. कबुतराने मान तिरकी करून नुसतं पाहिलं. हात मुकाट्याने खिशात गेला.

"सर, आज कागद मिळाले नाहीत तर पुस्तक वर्षभर लटकलं म्हणून समजा!" प्रकाशक दारातूनच गरजले.

"लटकू दे," प्राध्यापक कुजबुजले. "पण जाताना दार तेवढं हळू लावा. घरात बाळंतीण आहे."