दगडूचा पहिला क्रमांक

मंगळावर पाठवायची बाळं सरकारी यंत्र लोकप्रिय नावांमधूनच निवडायचं, म्हणून शाल्मलीने बारशासाठी मुद्दाम सगळ्यांत ओबडधोबड नाव शोधलं होतं. नणंद बाळाच्या कानाशी वाकली.

"ताई, दगडू म्हणा."

"अगं, खालच्या मजल्यावर कालच दगडू ठेवलं."

भिंतीवरच्या पडद्याने अदबीने दुजोरा दिला: दगडू, या महिन्यात पहिला क्रमांक, शहरी उच्चार 'डॅगडू'.

"मग धोंडू म्हणा!"

धोंडू दुसरा होता. कचरू झपाट्याने वर येत होता.

पाळण्याभोवतीच्या बायका घुगऱ्या खायच्या थांबल्या. शाल्मलीने बाळाचा कान तळहाताने झाकला.

"नावच नको. नुसतं कुर्रर्र करा."

"आणि त्याला हाक कशी मारायची गं?"

"मारायचीच नाही."