वरून घेतलेला शॉट

लॅपटॉपच्या पडद्यावर नॉर्वेमधल्या एका लहान गावाचं वाचनालय दिसत होतं. तिकडे दुपारच होती, तरी हिवाळ्यामुळे खिडक्यांबाहेर अंधार होता. खुर्च्यांवर वीसेक माणसं बसली होती, बहुतेक म्हातारी.

"आत बसून पन कोट घालत्यात," द्वारकाबाई म्हणाल्या. "यांच्याकडं बी लाइट गेली का काय?"

तनुजा हसली. लॅपटॉप द्वारकाबाईंच्या ओसरीवर, स्टुलावर ठेवला होता. पुंडलिकनगरातलं हे घर द्वारकाबाईंचं. तनुजा वरच्या खोलीत भाड्यानं राहायची आणि दिवसा एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत नमुने तपासायची. तिनं मोबाइलवर केलेली सहा मिनिटांची फिल्म तिकडे नुकतीच दाखवून झाली होती. देवाणघेवाणीच्या एका उपक्रमात त्यांची एक फिल्म इकडे आली होती, इकडची तिकडे गेली होती. आता प्रेक्षक प्रश्न विचारणार होते. वाचनालयातली बाई ते इंग्रजीत सांगणार आणि तनुजा मराठीत.

शेजारणीची वाटी रिकामी परत करायची नाही, एवढाच फिल्मचा विषय. तीत द्वारकाबाई स्टीलची एक वाटी घासतात. वाटीवर टिंबाटिंबांनी नाव कोरलेलं आहे, दगडाबाई. त्या वाटीत कधी शेंगदाण्याचा लाडू ठेवतात, कधी धपाट्याचा तुकडा, आणि पदराखाली झाकून शेजारच्या दारापर्यंत जातात. दाराला कुलूप. दगडाबाईंना त्यांच्या मुलानं पुण्याला नेलेलं आहे. द्वारकाबाई परत येतात. दुसऱ्या दिवशी वाटी पुन्हा घासतात.

आजही ती वाटी त्यांच्या मांडीवर होती. तिकडच्या लोकांना दाखवायला म्हणून त्यांनी तीत दोन लाडू ठेवले होते.

"इतक्या लांब गेली फिल्म," त्या सकाळपासून म्हणत होत्या, "म्हंजे पुन्याला तर कवाच गेली आसंल."

तनुजानं दगडाबाईंच्या मुलाला लिंक पाठवली होती. त्यानं ती उघडलेली नव्हती. हे तिनं सांगितलं नाही.

पहिल्याच माणसानं विचारलं, शेजारीण वारली का?

"मरंल कशाला? पुन्याला हाय," द्वारकाबाई म्हणाल्या. तनुजानं ते तसंच सांगितलं. तिकडे हशा पिकला, पण तो एक सेकंद उशिरा इकडे पोहोचला. मग कुणीतरी विचारलं, घरात द्यायला काहीच नसलं तर? चिमूटभर साखर टाकायची, द्वारकाबाईंनी सांगितलं, पण रिकामी न्यायची नाही. त्या आता खुलल्या होत्या. वाटी कॅमेऱ्यासमोर धरून त्यांनी नाव दाखवलं, लाडू दाखवले.

"शेजार म्हंजे काय माय, घरातलंच मानूस," त्या म्हणाल्या. "सांग त्यांना."

तनुजानं सांगितलं.

शेवटच्या रांगेतून लाल मफलरवाली एक म्हातारी उठली. तिनं बराच वेळ घेऊन काहीतरी विचारलं. एक शॉट वरून घेतलेला आहे, ती म्हणत होती. बाई कुलपापाशी जाते आणि परत येते, तेव्हा कॅमेरा वरच्या गॅलरीतून खाली बघतो. म्हणजे वर कुणीतरी राहतं. शेजारीण गावाला गेली असेल, तर वाटी वर का जात नाही?

तनुजानं परस्परच उत्तर दिलं. वर राहणारी मेसमध्ये जेवते, असं तिनं इंग्रजीत सांगितलं.

पण लाडू तर चालेल ना, म्हातारीनं विचारलं. लोक पुन्हा हसले.

"काय म्हन्ती म्हातारी?" द्वारकाबाईंनी विचारलं.

ओसरीच्या खिडकीत निळ्या फुलांचा एक कप होता, तनुजानं मघाशी चहा पिऊन ठेवलेला. ती खाली आली की चहा त्याच कपात मिळायचा. पिऊन झाला की ती तो बाहेरच्या नळावर विसळायची आणि खिडकीत पालथा घालायची. खोली बघायला आली त्या दिवशी तिनं आडनाव सांगितलं, आणि तेव्हापासून तो कप तिचा झाला. पुढे तिनं खोलीत बाबासाहेबांचा फोटो लावला. द्वारकाबाईंनी तो काढायला लावला नाही. कपही तोच राहिला. फिल्ममधल्या एकाही शॉटमध्ये तो नव्हता. ओसरीवर शूटिंग करताना तिनंच तो दर वेळी बाजूला ठेवला होता.

"विचारतायत, वर कोण राहतं."

"मग सांग की, तू राहतीस."

"सांगितलं, काकू."

"एवढंच? एवढा येळ बोलत व्हती."

तनुजानं पडद्याकडे पाहिलं. म्हातारी अजून उभीच होती.

"म्हणतायत, वाटी वर का जात नाही."

द्वारकाबाईंनी वाटी मांडीवर खाली घेतली. पदर सारखा केला. "सांग तिला," त्या म्हणाल्या, आणि वाटीवरच्या नावावरून बोट फिरवत राहिल्या. तिकडचे वीस चेहरे वाट बघत होते. शेवटी वाचनालयातल्या बाईनं सगळ्यांचे आभार मानले, टाळ्या वाजल्या, आणि पडदा काळा झाला.

तनुजानं लॅपटॉप मिटला. नळावर कप विसळला, खिडकीत पालथा घातला. ती जिन्याच्या चारपाच पायऱ्या चढली असेल.

"तनुजा."

ती वळली. द्वारकाबाई दारात उभ्या होत्या. हातात वाटी होती, लाडू तसेच होते. हात अंगापासून थोडासा पुढे आला होता. तनुजा एक पायरी खाली उतरली.

"वर गेल्यावर जिन्याचा दिवा बंद कर," द्वारकाबाई म्हणाल्या.

तनुजानं वर जाऊन दिवा बंद केला. खालचं दार लागल्याचा आवाज मात्र बराच वेळ आला नाही.