जामीनदार

"पाचच्या आत जामीनदार उभा करा. उद्यापासून कोर्टाला चार दिवस सुट्टी," खिडकीतला कारकून म्हणाला.

शिवणकाम करणारी ती बाई फोन घेऊन बाकावर टेकली. सकाळीच तिच्या टेम्पो ड्रायव्हर नवऱ्याला जामीन मंजूर झाला होता. अमली पदार्थांच्या एवढ्या मोठ्या गुन्ह्यात आशा धरू नका, असं वकील तीन वर्षं सांगत होते. पण गोदामाच्या वॉचमननं साक्षीत कबूल केलं, की टेम्पो येण्याआधीच खोकी सीलबंद झाली होती. ड्रायव्हरनं ती नुसती वाहून नेली. न्यायाधीश म्हणाले, "हा दोषी नसावा असं मानायला आधार दिसतो." आता फक्त स्वतःच्या नावावर घर असलेलं एक माणूस हवं होतं. बाबा आज रात्री आपल्यासोबत जेवणार, असं ती मुलीला सांगूनही बसली होती.

दीर येतो म्हणाला होता. तिनं पाचव्यांदा लावल्यावर त्यानं फोन उचलला. "वहिनी, माझी काही ना नाही हो. पण नशेची केस, त्यात घराचे कागद द्यायचे... ही ऐकतच नाही."

साडेचार वाजले. तेवढ्यात खिडकीपाशी एक पांढऱ्या केसांची बाई येऊन उभी राहिली. शिवणकामवालीनं तिला ओळखलं. ही बाई प्रत्येक तारखेला शेवटच्या बाकावर बसायची. कुणाशी बोलायची नाही. ड्रायव्हरला आणलं की त्याच्याकडे एकटक बघायची, आणि त्या बघण्यात माया नव्हती. आता जामिनात खोडा घालायलाच आली असणार.

बाईनं पिशवीतून घराचे कागद काढून खिडकीत सरकवले. "त्या टेम्पोवाल्याला मी जामीन राहते."

कारकुनानं मान वर केली. "तो तुमचा कोण?"

"कोणी नाही."

"आजी, तो पळाला तर तुमच्या गळ्याशी येईल. नीट विचार केलाय ना?"

"तीन वर्षं तेच केलंय. माझा मुलगा असल्याच पावडरीनं गेला. याला जन्मभर आत सडताना बघायचं म्हणून मी एकही तारीख चुकवली नाही. म्हणून तर सगळं ऐकलं. सांगा, सही कुठे करू?"