उघडीप

पाळण्याची कडी करकरली आणि दुपारची शांतता मोडली. रेवतीने हळूच झोका दिला. दुसरीही लेकच. माहेरी बाळंतपण होऊन तिसरा महिना सरत आला, तरी तिला अजून नाव नव्हतं. बारशाला आत्या हवी, आणि आत्या सासरच्यांबरोबरच येणार.

“जरा उघडीप होऊ दे, लगेच न्यायला येतो,” नवरा फोनवर दर वेळी म्हणायचा. रेवतीला त्यात वावगं काही वाटलं नव्हतं. आजऱ्याच्या पावसात सगळ्यांचीच कामं उघडिपीवर अडतात. गोधड्या धुवायच्यात? उघडीप होऊ दे. दळण आणायचंय? उघडीप होऊ दे.

आता आठवडाभर लख्ख ऊन होतं. गोधड्या धुऊन, वाळून, घड्याही घालून झाल्या. रेवतीच्या मात्र सकाळपासून फाटकापर्यंत येरझाऱ्या चालल्या होत्या.

“बस की गं जरा! अंगावर पिणारं पोर आहे तुझं,” लाडवांचा डबा फडक्यात बांधता बांधता आई करवादली. “येतील ते. मुक्ताच्या वेळी नाही का, धो धो पावसात जीप घेऊन...”

आई मध्येच थांबली. फडक्याची गाठ तिने उगाच सोडली आणि पुन्हा बांधली. रेवतीने तोंड फिरवलं.

चार वर्षांची मुक्ता उंबऱ्यावर उभी राहून टेकडीपलीकडे, आपल्या घराच्या दिशेला बघत होती. तिकडचं आभाळही निळंशार होतं.

“आई,” तिने विचारलं, “बाबांकडे अजून पाऊस पडतोय?”