हॉलंडवरून कराची

तीही वाट बंद झाली, तेव्हा प्रणितने डब्याचं झाकण परत लावलं आणि जेवणाच्या सुट्टीतच ऑफिसच्या कॉम्प्युटरवर पुन्हा सुरुवात केली.

नव्व्याण्णवचा उन्हाळा होता. सीमेवर लढाई पेटली होती आणि शेजारच्या देशाच्या वर्तमानपत्राची वेबसाइट सरकारने आपल्याकडे अडवली होती. प्रणितला लढाईशी घेणंदेणं नव्हतं. त्याचा जिवलग रघू पेणजवळचं मिठागर सोडून पोरबंदरच्या बोटीवर खलाशी झाला आणि हद्द ओलांडली म्हणून कराचीच्या तुरुंगात पडला. खलाशांच्या सुटकेबद्दल इथे कुणी बोलेना. तिथल्या पेपरात येतंय, असा बोटमालकाचा निरोप होता.

रघूची बायको हौसा सुट्टीच्या दिवशी एसटीने रोह्याजवळ वरसे गावी प्रणितकडे यायची. इतर खलाशांच्या बायका रडायच्या, नवस बोलायच्या, जिवंत तरी हायत ना म्हणायच्या. हौसाच्या डोळ्याला पाणी नाही. ती एवढंच विचारायची, "भावजी, कवा सोडतील?" तो परतणार याबद्दल तिला शंकाच नव्हती. अशी खमकी बायको मिळायला नशीब लागतं, असं प्रणित घरात ऐकवायचा आणि त्या दिवशी त्याला पाणचट आमटी मिळायची.

हौसाने मुलीचा, मालूचा, शाळेचा दाखलाही काढून ठेवला होता. सरकारदरबारी लागेल म्हणून असणार. बाईचं डोकं चालतं, प्रणितला वाटलं.

आधी त्याने परदेशातल्या एका मधल्या वेबसाइटवरून वळसा घेतला. थोडे दिवस चाललं, मग तीही अडवली गेली. दुसरी शोधली, तिचंही तेच. अडवणारे हात धुऊन मागे लागले होते, पण प्रणितही हट्टाला पेटला होता.

शेवटी त्याने कंपनीच्याच खासगी वाटेला हात घातला. धाटावच्या ज्या केमिकल कंपनीत तो कामाला होता, तिचं मुख्य ऑफिस हॉलंडला. तिकडे जाणारा सगळा मजकूर कुलूपबंद जायचा, त्याला ऑफिसात व्हीपीएन म्हणत. अडवणाऱ्यांना मधल्या नाक्यावर फक्त हॉलंडचा पत्ता दिसायचा, कुलूप उघडायचं तिकडेच. तिथून पुढे जग मोकळं. नागोठण्याला रस्ता अडवला की पेणचा माणूस रेवदंड्यावरून रोहा गाठतो, तसंच हे. पकडला गेला तर मात्र नोकरी जाणार होती. लहानपणी खाडीत बुडताना रघूने त्याला केस धरून ओढून काढलं होतं. नोकरी गेली तर गेली.

पान उघडलं. पकडलेल्या खलाशांचा फोटो वरून खाली, सावकाश उतरत आला. पहिल्याच रांगेत रघू होता, खंगलेला, पण रघूच. शेजारी बातमी होती: पुढच्या आठवड्यात सुटका.

प्रणितला रडू आवरेना. अर्ध्या दिवसाची रजा टाकून, पेढे घेऊन तो तडक पेणला गेला. हौसाने सगळं दोनदा वदवून घेतलं.

"नक्की तेच हायत फोटूत?"

"व्हय वयनी, या डोळ्यांनी बघितलाय."

हौसा उठली. "मालू, कापडं भर गो," तिने आत हाक दिली.

प्रणित हसला. म्हणाला, सीमेपर्यंत धावायची गरज नाय, सरकार त्याला घरी आणून सोडेल.

"म्हनून तर," हौसा म्हणाली. "मागल्या येळी ते घरी आले तवा त्यांच्या मारातनं पोर कशीबशी वाचली. ते यायच्या आत तिला घेऊन जातंय मी. कुठं, ते तुमालाबी सांगायची नाय."