मधलं बाकडं

थोरली ठेका रचायची, धाकटी त्यावर सूर सोडायची आणि त्या तालावर पोरं बेभान नाचायची. पुढे कुणाचा मान कुणाला टोचला देव जाणे, बहिणींची ती जोडी फुटली. आज दोघींचे वेगवेगळे कार्यक्रम होते, नेमके शेजारशेजारच्या हॉलमध्ये, एकाच वेळी. दोघींनीही आईला पास पाठवला होता. "नाही आलीस, तर काय समजायचं ते समजेन मी," दोघींनी फोनवर अगदी एका सुरात बजावलं होतं.

आई दोन्ही पास मुठीत धरून मधल्या पॅसेजमधल्या बाकड्यावर टेकली. उजव्या भिंतीतून ठेका झिरपू लागला, डाव्या भिंतीतून सूर. तिचे डोळे मिटले आणि हात आपसूक मांडीवर थोपटू लागला. दोघींना कुशीत घेऊन ती याच लयीत निजवायची. बाकडं, भिंती, सगळं हळूहळू तरंगायला लागलं.

दारावरच्या रखवालदाराला राहवेना. "काकू, आत जा की! इथं काय ऐकू येणार?"

"आत अर्धंच ऐकू येतं रे, बाळा."